भोवऱ्याची जागा

मोठ्या मॅडम जळत होत्या. असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, पण दुसरा शब्द शोधून तरी काय करायचं? विद्यापीठाच्या त्या विभागात त्यांनी अर्धं आयुष्य घातलं. भावाने लग्नाचा विषय काढला की "आधी हा प्रयोग तर संपू दे" म्हणत राहिल्या. आणि काल-परवा आलेल्या एका सरांनी बघता बघता सगळ्यांना खिशात घातलं! मॅडम त्यांचं नावसुद्धा घेत नसत. "तो हसरा," एवढंच म्हणायच्या.

बाकी कोणी त्याच्या मागे लागलं असतं तर मॅडमनी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण धाकटी? धाकटी म्हणजे त्यांची लाडकी विद्यार्थिनी. पिपेट कशी धरायची इथपासून मॅडमनी तिला शिकवलं, आजारी पडली तेव्हा स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. तिची पीएचडी संपत आली होती. पुढेही पोरगी आपल्याजवळच राहणार, हे मॅडमनी धरूनच ठेवलं होतं. आणि हल्ली पोरीच्या तोंडी उठता-बसता काय, तर "सर म्हणाले"!

अशात विभागातल्या भिंती पाडायचं ठरलं. छोट्या छोट्या खोल्यांची एकच मोठी प्रयोगशाळा करायची, म्हणजे आपापल्या बिळात बसणारी माणसं एकमेकांशी बोलतील. आर्किटेक्ट बाई नकाशा घेऊन आल्या. कोणाचा ओटा कुठे, यंत्रं कुठे, हे ठरवणाऱ्या समितीत मॅडम सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांची नजर गेली ती भोवऱ्यावर.

भोवरा म्हणजे नळ्या गरागरा फिरवून त्यातला गाळ खाली बसवणारं यंत्र. म्हातारं झालेलं, आवाज असा की शेजारी उभ्या माणसाचे दात हलावेत. नकाशात ते एका बंद खोलीत होतं.

"खोलीत कशाला?" मॅडम साळसूद चेहऱ्याने म्हणाल्या. "सरांच्या ओट्याला लागून ठेवा ना. मध्यावर आहे, सगळ्यांना जवळ पडेल."

"चालेल की!" हसरा हसला. मॅडमनी खिडकीजवळचा शांत कोपरा आपल्याला आणि धाकटीला मागून घेतला.

घरी येऊन भावाला म्हणाल्या, "बघच आता, डोकं धरून पळतो की नाही!"

"अगं, तू प्रयोगशाळा बांधतेयस की उट्टं काढतेयस?"

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून साफ निसटली. भोवऱ्यात समोरासमोरच्या नळ्या तोलून ठेवाव्या लागतात. मागे कोणीतरी चुकलं होतं आणि यंत्र थडथडत टेबलावरून खाली आलं होतं. तेव्हापासून मॅडमनीच नियम घातला होता, भोवरा थांबेपर्यंत तो लावणाऱ्याने जागचं हलायचं नाही. त्यांच्या धाकाने सगळे तो पाळत. पूर्वी अडगळीच्या खोलीत तोंड पाडून उभे राहत. आता उभे राहायचे ते हसऱ्याच्या ओट्याशी!

आणि नुसतं उभं राहून माणूस करणार काय? बोलणारच. आवाजामुळे डोक्याला डोकं लावून बोलायचं, नाहीतर ओरडायचं. मग हसू यायचं. मग कोणी स्टूल आणलं, कोणी काचेवर आलेख काढला. धाकटी दोन नळ्या घेऊन जायची ती जेवायच्या वेळेपर्यंत परतायची नाही. शांत कोपऱ्यातून मॅडमना तिचं हसणं दिसायचं, शब्द मात्र एक ऐकू यायचा नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एके दुपारी धाकटी येऊन समोर उभी राहिली. "मॅडम, सरांचं आणि माझं एक काम जुळतंय. पीएचडी झाली की मी त्यांच्या गटात जाऊ म्हणते. तुम्ही रागावणार नाही ना?"

"मी कशाला रागावू? जा की," मॅडम म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात आर्किटेक्ट बाई पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवायला आल्या. भोवऱ्याशी जमलेला घोळका पाहून त्या हरखल्या. "ही जागा माझ्या नकाशात नव्हतीच हं! ह्या मॅडमनी सुचवली. माणसं एकत्र कशी आणायची, ते ह्यांना विचारा." टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात हसऱ्याने वाजवल्या आणि त्याही अगदी मनापासून. मॅडमना तेच सहन होईना. निदान खोट्या तरी वाजवायच्या होत्यास रे!

पाहुणे गेले. मॅडम कोपऱ्यात जाऊन बसल्या. समोर धाकटी हातवारे करून काहीतरी सांगत होती आणि सगळे कान देऊन ऐकत होते. मॅडमच्या सध्याच्या कामात भोवऱ्याची गरज नव्हती. तरी त्या उठल्या. दोन नळ्यांत नळाचं साधं पाणी भरलं, काट्यावर नीट तोललं, आणि प्रयोगशाळा ओलांडून गेल्या. नळ्या आत ठेवल्या, झाकण लावलं, बटण दाबलं.

धाकटीने चटकन आपलं स्टूल पुढे सरकवलं. "मॅडम, नमुना कसला आहे?" तिला ओरडून विचारावं लागलं.

"आहे एक!" मॅडमही ओरडल्या, आणि यंत्राची वेळ वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवली.