शनिवारचं लोखंड

वजन उचलायला बाकावर आडवी होण्याआधी ती लोखंडी बारला कान लावायची. डोळे मिटून जरा ऐकायची आणि म्हणायची, "झोपलंय. तवर उचलून घेते."

धाराशिवला आमच्या व्यायामशाळेत कधी आला असाल, तर तुम्ही तिला पाहिलं असेलच. बेंबळीहून एसटीनं यायची. लहानपणी पोलिओनं दोन्ही पाय गेलेले, पण खांदे असे की नवी पोरं आपोआप बाजूला सरकायची. मी खेळाचा मास्तर. तिच्या पायांवर पट्टा बांधायचा आणि उशाशी उभं राहायचं, एवढंच माझं काम.

कान लावण्यामागं कारण होतं. आमच्याकडं शनिवारी लोखंड विकत आणत नाहीत. मालकांना टेम्पो मिळाला नेमका शनिवारी, म्हणून त्यांनी बार त्याच दिवशी आणून टाकला. हे कळल्यावर तिनं बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मग स्वतःच तोडगा काढला: असलं लोखंड जागं असताना उचलायचं नाही. मी चिडवायचो, घोरतंय का? ती म्हणायची, "तुमच्याएवढं न्हाय, सर."

राज्याची निवड चाचणी लांबच्या शहरात होती. राज्याच्या संघात जागा मिळाली नाही तर भाऊ तिचं येणं बंद करणार होता. तसं त्यानं माझ्यासमोरच सांगितलं होतं. तीनपैकी पहिले दोन प्रयत्न फसले. शेवटच्या वेळी तिनं तिथल्या कोऱ्या बारला कान लावला आणि माझ्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, ह्ये आपलंच हाय. अन् जागं हाय."

नको उचलूस, मी म्हणालो. मला खरंच भीती वाटली.

"न्हाय उचललं तर घरीच बसायचंय की," ती म्हणाली आणि आडवी झाली.

बार छातीवर टेकला. ती श्वास रोखून थांबली. मग तो वर गेला आणि तिन्ही पंचांचे दिवे पांढरे लागले, म्हणजे वजन मान्य. मी लहान पोरासारखा रडलो.

परत आलो तेव्हा व्यायामशाळेला आम्ही लावून गेलेलं कुलूप तसंच होतं. आत बार स्टँडवर नव्हता. बाकावर आडवा पडला होता, बरोबर तिची छाती असायची त्या जागी. मालक म्हणाले, उंदीर असतील. त्या वजनाला उंदीर!

तिनं नुसता त्याच्यावरून हात फिरवला. शिबिराला निघताना मला म्हणाली, "मी नसले तर तुमी कान लावत जावा. एकटं पडतंय त्ये."

शिबिराहून ती परत आली नाही. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. बेंबळीला तिला पोचवून आलो, तो तडक व्यायामशाळेतच गेलो आणि पहिल्यांदा बारला कान लावला.

तिची फार आठवण येते. तो बार मी कुणाला देत नाही. रोज दुपारी कान लावतो. ते लोखंड अजून झोपलेलं नाही. छातीवर बार टेकला की ती थांबायची ना, तसं आत कुणीतरी श्वास रोखून थांबलंय.