दिवा विझवणारा उस्ताद

माझ्या धाकट्या भावाला ‘मला कळलं नाही’ हे तीन शब्द उच्चारता येत नाहीत, आणि उद्या सकाळी माझी मुलगी त्याच्या भरवशावर भरधाव वेगाने वळणात शिरणार आहे. संध्याकाळपासून हा घोर लागलाय. रात्रीचे साडेअकरा वाजलेत. झोप येत नाही म्हणून लिहायला बसले.

भाऊ आठ वर्षांचा असताना त्याने बाबांचा रेडिओ उघडला. जोडून झाल्यावर चार स्क्रू उरले. “कंपनी जास्तीचे देते,” असं त्याने घरभर सांगितलं. रेडिओ पुन्हा कधी बोलला नाही, पण बाबा कौतुकाने म्हणाले, “पोराच्या हातात कला आहे.” तिथेच सगळं बिघडलं.

मी फिजिक्स घेऊन पदवीधर झाले. तो दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून एका गॅरेजात गेला. आता गोदामांच्या रांगेत त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. दोन लिफ्ट, भिंतीवर दुसऱ्यांनी जिंकलेल्या कपांशेजारी याचे फोटो, आणि अंगातल्या निळ्या डगल्यावर शिवलेलं ‘उस्ताद’. ते नाव गिऱ्हाइकांनी दिलं असं तो सांगतो. डगला शिवायला टाकला तेव्हा मी सोबत होते. तीस वर्षांत त्याने एकाही गाडीचं निदान केलेलं मी पाहिलं नाही. तो गाडीची समजूत काढतो, आणि मालकाचीही.

माझी मुलगी दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून बघते आणि रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवते. गाडी जुनीच आहे. चालकाची सोडून बाकीच्या सीटा, गालिचे सगळं उपसून काढलंय आणि लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवलाय. हे सगळं मामाने केलं, आणि तिच्या मते मामा जे करतो ते बरोबरच असतं.

या मोसमात गाडी पळता पळता अचानक मरगळू लागली. पिवळा दिवा लागायचा आणि ती बैलगाडीसारखी रांगत परत यायची. कारण समजायला उस्ताद असावं लागत नाही. या गाडीत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत तार ओढलेली नसते. पेडल किती दाबलंय हे दोन सेन्सर वेगवेगळे मोजतात आणि कॉम्प्युटरला कळवतात. दोघांची साक्ष जुळली नाही, तर कॉम्प्युटर इंजिनाचा जोर काढून घेतो आणि दिवा लावतो. त्या गाडीत शहाणं असं तेवढंच काय ते.

उस्तादाने स्कॅनर लावला आणि दोषाची नोंद पुसून टाकली. “गेला बघ!” पुढच्या रविवारी दोष परत आला. मग नवं पेडल, मग इंजिनात हवा सोडणारा नवा थ्रॉटल. प्रत्येक वेळी “आता कंपनीलाही जमणार नाही असं काम झालंय,” आणि प्रत्येक वेळी गाडी रांगत परत.

मी प्रेक्षकांत जीव मुठीत धरून बसते. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून गाडी कुठे मरगळली ते वहीत लिहीत गेले. अकराच्या अकरा वेळा ती एकाच लांबलचक उजव्या वळणावर मरगळली होती. वही घेऊन गॅरेजात गेले.

“ताई, वळणाचा आणि सेन्सरचा काय संबंध? इलेक्ट्रॉनिक आहे ते. त्याला डावं-उजवं कळत नाही.”

“मग गाडी तिथेच का मरते?”

“तुझी वही बघून घाबरत असेल!”

तिथली दोन गिऱ्हाइकं हसली. माझी लेकही हसली.

बुधवारी त्याने लॅपटॉप लावून कमाल केली. दोन सेन्सरच्या आकड्यांत किती फरक चालवून घ्यायचा, ती मर्यादाच वाढवून टाकली. “आता दोघं कितीही भांडू देत, कॉम्प्युटर मध्ये पडणार नाही.”

“म्हणजे दोष सापडला?”

“दिवा लागणार नाही, ताई.”

“बाबांच्या रेडिओचाही लागत नाही,” मी म्हणाले, आणि टोमणा बरा बसला या समाधानात घरी आले. त्याच क्षणी त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घ्यायला हवा होता. त्याला तुच्छ लेखण्यात मी इतकी तरबेज झालेय, की तो काय करतोय ते बघायचंच राहून जातं.

आज संध्याकाळी लेक बॅग भरत होती. ट्रॅकजवळच्या लॉजवर मुक्कामाला जायचं होतं. डाव्या गुडघ्यावर हा एवढा काळानिळा डाग.

“हे काय गं?”

“काही नाही आई. त्या लांब वळणावर सीटमधून घसरायला होतं, म्हणून गुडघा सीटशेजारच्या मधल्या पेटीला रेटून धरते. नेहमीचंच आहे.”

ती गेल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आतले गालिचे काढले तेव्हा पेडलच्या वायरींची मोळी उस्तादाने त्याच पेटीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधली होती. उजेडासाठी बॅटरी मीच धरली होती. लेकीचा गुडघा दर वळणाला ती मोळी चेंगरतोय. गॅरेजात गाडी उभी असताना तिथे कुणाचाच गुडघा नसतो, त्यामुळे उस्तादाला सगळं ठणठणीत दिसतं. आजवर वायर चेंगरली की कॉम्प्युटर गाडी थोपवायचा. उद्या थोपवणार नाही. चेंगरलेली वायर ‘पेडल पूर्ण दाबलंय’ असं म्हणाली, तर लेकीने पाय उचललेला असतानाही इंजिन जोर करेल, आणि त्या वळणाच्या बाहेर काँक्रीटची भिंत आहे.

लेकीचा फोन बंद. भावाला लावला.

“ताई, ही शर्यत आहे, तुझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल नाही. झोप.”

“सकाळी त्या पेटीपाशी नुसता हात घालून बघशील?”

“गाडी ट्रॅकवर तपासून झालीय, सील लागलंय. आता आत हात घालायचा तर तपासनिसाला कारण सांगावं लागतं.” मग जरा थांबून, “आणि बघितलंय मी सगळं.”

ते थांबणं मला रेडिओपासून ओळखीचं आहे.

ट्रॅकच्या तपासनिसाचा नंबर प्रेक्षकांच्या पासवर छापलाय. जाड चष्म्याचा, तुसडा माणूस. बॅटरीचा एक पट्टा सैल होता म्हणून त्याने मागे एक गाडी परत पाठवली होती. त्याने लॅपटॉप लावला, तर बुधवारची करामत त्याला लगेच दिसेल. उस्तादाला ट्रॅकवर पुन्हा कुणी उभं करणार नाही. लेकीचा मोसम संपेल, आणि ती माझ्याशी किती महिने बोलणार नाही कुणास ठाऊक. न बोलायला ती घरी असली म्हणजे झालं.

दोष वायरीतच आहे का, ते मला कळलं नाही, असं तपासनिसाला स्पष्ट सांगेन. आमच्या घरात कुणीतरी एकदा ते म्हणायला हवं. पण मर्यादा वाढवलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. वही उघडून समोर ठेवलीय. झोपला असेल तर उठेल. लावतेच फोन.