अरुणची एकशिक्षकी शाळा

वैशालीचा फोन आला तेव्हा संध्याकाळ झाली होती, पण भिंती अजून तापलेल्याच होत्या. मे महिन्यातलं सोलापूर, घरात कूलर घरघरत होता, म्हणून आधी वाटलं की मलाच नीट ऐकू येत नाहीये. मी कूलर बंद केला. तरी तिचा आवाज तेवढाच. माझी भावजय फोनवर कुजबुजत होती. "ताई, अरुण उठत नाहीये... हात गार लागतोय... आणि सई मला बोलू देत नाहीये."

रिक्षा करून पोचले तोवर शेजारपाजारची माणसं जमली होती, डॉक्टर येऊन गेले होते. माझा धाकटा भाऊ वेताच्या खुर्चीत बसल्याजागी गेला होता. समोर सतरंजीवर त्याची अकरा वर्षांची मुलगी, सई, मांडी घालून ताठ बसलेली. दुपारपासून ती तशीच बसून होती. बार्शीच्या बँकेतून परतलेल्या वैशालीनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं, तेव्हा सईनं ओठांवर बोट ठेवून आईला गप्प राहायला सांगितलं. तिचा तास अजून संपला नव्हता.

हा तास कसला, ते सांगायचं तर अरुणच्या शाळेबद्दल सांगायला हवं. अरुण चादरींची डिझाइन्स काढायचा. कारखाना बंद पडल्यावर तेच काम तो घरी कॉम्प्युटरवर करू लागला. सई तेव्हा दुसरीत होती आणि बोलताना अडखळायची. वर्गात मुलं तिची नक्कल करायची, बाई "पुन्हा म्हण, पुन्हा म्हण" करत तिला उभं ठेवायच्या. रोज सकाळी गणवेश घातला की पोरीला उलटी व्हायची. एके दिवशी अरुणनं तिला शाळेच्या फाटकातूनच परत आणलं आणि पुन्हा कधी पाठवलं नाही. घरातच शिकवायचं ठरवलं त्यानं. माझा उभा जन्म शाळेत गेलेला, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली मी... मी गप्प बसणार होते थोडीच! चांगली कडाडून भांडले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही चाळीस पोरांना एकाच मापाचा सदरा शिवता. ज्याला बसेल त्याला बसेल." मी म्हटलं, "आणि तू एकुलत्या एका पोरीला तुझाच सदरा घालायला निघालायस." तो हसला. हसला की तो वाद संपवायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड.

पण खोटं कशाला बोलू? पोरगी फुलली. अरुण तिला मंगळवेढ्याला मित्राच्या शेतात घेऊन जायचा, तिथं ज्वारीच्या कणसावरचे दाणे मोजत ती गुणाकार शिकली. शेजारच्या पद्माबाईंचं घर पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू विणकरांचं. त्यांच्या ओट्यावर बसून ती तेलुगू बोलायला लागली, तेही न अडखळता. चादरीवरचा मोर किती धाग्यांत बसेल हे ती बापाच्या आधी सांगायची. माझ्या वर्गांतून हजार मुलं गेली असतील, पण इतक्या आनंदानं शिकणारं मूल मी क्वचितच पाहिलं.

तिचं अडखळणं गेलं ते मात्र त्या तासामुळे. दुपारी जेवण झालं की बापलेक समोरासमोर बसायचे आणि कुणीही अवाक्षर काढायचं नाही. जिभेची घाई गेली की शब्द आपोआप नीट येतात, असं अरुणचं म्हणणं. त्या वेळात फोन घ्यायचा नाही, दार उघडायचं नाही, जागचं उठायचं नाही. तो डोळे मिटून बसायचा आणि मनात आलं की म्हणायचा, "हं, बोला आता." मग सईचे शब्द धबाधबा बाहेर पडायचे. इलाज लागू पडला होता. त्याच्यापुढे माझ्या बी.एड.ची काय मातब्बरी!

एकदा मी नेमकी त्याच वेळी जाऊन टपकले. बेल वाजवली, दार उघडेना. खिडकीतून पाहिलं तर दोघंही आत बसलेली. बेल ऐकून पोरीची मान वळायला हवी की नाही? वळली नाही. पुढे दिवाळीला माझ्या अंगणात मुलं फटाके उडवत होती. एक भुईनळा पेटता पेटता कलंडला आणि ठिणग्या सईच्या पायांकडे आल्या. बाकीची पोरं किंचाळत पळाली. सईनं आधी बापाकडे पाहिलं. तो "मागे ये" म्हणाला, तेव्हाच ती मागे सरकली. फ्रॉकच्या काठाला भोकं पडली होती. "बघितलंस ताई? अजिबात घाबरत नाही," अरुण कौतुकानं म्हणाला. मला ते घाबरण्या-न घाबरण्याचं वाटलं नाही. मला ते काहीतरी वेगळंच वाटलं आणि त्याचं नाव मला सुचेना. त्या रात्री जेवतानाही मी तिच्याकडेच बघत होते. ताटात वाढलेलं होतं, भूक लागलेली होती, आणि ती बापानं "घे" म्हणायची वाट बघत होती.

या वर्षी उन्हाळ्यात त्याला जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचा, "पित्त आहे गं, आणि आमच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी नसते." ऑफिसात असता तर कुणीतरी त्याचा चेहरा बघून त्याला हाताला धरून नेलं असतं. दिवसा घरात बघणारी एकच होती, आणि तिला बापाचा चेहरा वाचायला कुणी शिकवलं नव्हतं.

पद्माबाई त्या दुपारी सांडगे द्यायला आल्या होत्या. दहाव्याच्या दिवशी माझा हात धरून रडत म्हणाल्या, "दार लई वाजिवले की ओ ताई. आतून काय आवाजच न्हाई. म्हनलं, पोरीची शाळा चालू असंल... सांडगे घिऊन तशीच गेले मी माघारी." सईनं ते दार वाजलेलं ऐकलं होतं. बाबांच्या घशातून आवाज आला तोही ऐकला होता. तिनंच आम्हाला सांगितलं, अगदी स्पष्ट, एकदाही न अडखळता. "मग मला वाटलं, बाबा आता बोला म्हणतील." डॉक्टरांचं म्हणणं, झटका मोठा होता, लगेच गेले असतील. वैशाली अजूनही मला विचारते, "ताई, लगेच म्हणजे किती लगेच?" सईसमोर हा विषय काढायचा नाही, एवढं मात्र आम्ही ठरवलं आहे. पण अकरा वर्षांची पोर आहे. आज ना उद्या तिचं ती जुळवेल. मला त्या दिवसाची भीती वाटते.

एकशिक्षकी शाळेतला शिक्षक गेला की शाळेला कुलूप लागतं. वैशालीला नोकरी सोडून चालणार नव्हतं. जूनमध्ये मीच सईला माझ्या जुन्या शाळेत सहावीत घातलं. गणवेश घातल्यावर उलटी होते की काय म्हणून पहिल्या दिवशी मी भल्या सकाळी जाऊन बसले होते. काही झालं नाही. वेणी घालून, दप्तर लावून ती मुकाट्यानं निघाली.

परवा चौकशीला गेले, तर वर्गशिक्षिका हसतच सामोऱ्या आल्या. "मॅडम, काय गुणी मुलगी आहे हो! सांगितल्याशिवाय जागची हलत नाही. अशी चाळीस मुलं द्या की मला." हेच कौतुक मी स्वतः कितीतरी आयांना ऐकवलं आहे, आणि त्या खूश होऊन घरी गेल्या आहेत. घर की शाळा म्हणून अरुण आणि मी एवढे भांडलो. दोघांपैकी एकानंही तिला आपल्या मनानं उठायला शिकवलं नव्हतं.

मधली सुट्टी होती. जिना चढून वर गेले तर वर्ग रिकामा, आणि सई एकटी बाकावर. पाठ ताठ, हात मांडीवर. मी दारात थांबले. मला बघून ती ओळखीचं हसली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "जा बाळा, खेळ जा," हे शब्द अगदी ओठांवर आले होते... मी ते गिळले. मी सांगितलं असतं तर ती लगेच उठली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगायचं नव्हतं. खाली मैदानात नुसता कल्ला चालला होता. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. मग घंटा झाली, मुलं धावत जिना चढून वर्गात शिरली, आणि सईनं समोरचा डबा, न उघडलेला, उचलून दप्तरात ठेवला.