गणपतअण्णांची नजर

गणपतअण्णा गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर बघत, आधी मनगट धरत. फोटो न्यायला आलेल्या माणसाला वाटायचं, हे नाडी बघतात की काय! अण्णा त्याचा हात खिडकीपाशी नेत, आतली बाजू वर करत आणि फोटो शेजारी ठेवून रंग ताडून बघत. "तोंडाला पावडर असते, उन्हानं रापलेलं असतं. माणसाचा रंग इथं बघायचा," असं त्यांचं शास्त्र होतं. एकदा एका वकीलबाईंनी हात झटकन मागे ओढला, तेव्हा आतून अण्णांच्या बायकोला, आमच्या अक्कांना, धावत यावं लागलं.

मल्लेश्वरममध्ये त्यांच्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहायचो. सांगलीहून आलेला, इंदिरानगरच्या एका जाहिरात कंपनीत छपाईचं काम बघणारा. अण्णांच्या घराण्याच्या चार पिढ्या बेंगळुरातच गेलेल्या. "स्वल्प थांब रे," "सरी, जेवूनच जा," अशी त्यांची कानडी मिसळलेली मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. महिन्याभरात मीही तसाच बोलायला लागलो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. अण्णांनी साठी उलटल्यावर डार्करूम बंद केली आणि संगणक, स्कॅनर, फोटो छापणारा इंकजेट प्रिंटर घेतला. सल्लागार अर्थातच मी. प्रिंटर आणला म्हणजे झालं असं नसतं. तीच शाई एका कागदावर गुलाबी पडते, दुसऱ्यावर हिरवट. तिला वळण लावायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्यात दोन प्रकार होते. एकात छापलेले रंग यंत्र मोजतं आणि शाईचं प्रमाण ठरवतं. दुसऱ्यात करड्या रंगाच्या पट्ट्या छापायच्या आणि त्यातली निर्मळ, कुठल्याच रंगाची झाक नसलेली पट्टी आपण डोळ्यांनी निवडायची. मी म्हटलं, यंत्राचं घ्या.

"चाळीस वर्षं या डोळ्यावर जेवलो," अण्णा म्हणाले. "आता त्याच्यावर मुकादम बसवू?"

अक्का हसल्या, मीही हसलो, आणि डोळ्यांनी निवडायचं सॉफ्टवेअर घेतलं.

पहिलं वर्ष फार सुंदर गेलं. नवा फोटो छापून आला की वर हाक यायची, "माधवा, खाली ये. खरं सांग, कसं झालंय?" मी खोड काढायचो, ते भांडायचे, मग निमूट दुसरा छापायचे. "अक्का छानच म्हणणार, ती बायको आहे. तू सांग," असं म्हणायचे तेव्हा मला मोठा मान मिळाल्यासारखं वाटायचं.

दसऱ्याच्या आसपास एका लग्नाचे फोटो परत आले. नवरीची आई चिडली नव्हती, संकोचली होती. "अण्णा, हळद लावलेली पोरगी आजारी दिसते हो," ती म्हणाली. मी फोटो बघितले. हळद शेवाळी पडली होती आणि सगळ्यांच्या ओठांवर निळसर झाक होती. अण्णा मात्र फोटो खिडकीशी धरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. त्यांना त्यात काही चुकलेलं दिसतच नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "खरं सांग."

मी म्हणालो, "चांगले आहेत, अण्णा. त्यांचा काहीतरी गैरसमज."

मोतीबिंदू असणार हे मला तेव्हाच कळलं होतं. डोळ्यावर पिवळा पडदा आला की माणूस निळा वाढवतच जातो. पण ते त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना. मी भित्रेपणाला माया असं नाव दिलं. रविवारी अण्णा भाजीला गेले की मी ऑफिसमधून आणलेलं रंग मोजायचं यंत्र काढायचो, पट्ट्या मोजायचो आणि प्रमाण गुपचूप दुरुस्त करायचो. सोमवारी त्यांना सगळं पिवळं दिसे आणि ते पुन्हा निळा वाढवत. त्यांनी शाई बदलली, कागद बदलला. एकदा जिन्यात मी त्यांना अक्कांशी बोलताना ऐकलं. "काल बरोबर लावलेलं आज चुकतं. माझं डोकं फिरलंय का ग?" मी पाय न वाजवता वर निघून गेलो.

संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी ते पिशवी विसरली म्हणून परत आले. मी त्यांच्याच खुर्चीत, हातात यंत्र. मग सगळं सांगावंच लागलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून."

त्यांनी पट्ट्या उचलून खिडकीशी धरल्या. "डोळा जायचाच रे, वय झालं. त्याचं काही नाही. पण मी वेडा होतोय असं मला वाटत होतं, आणि तू वर जाऊन झोपत होतास."

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांनी ते बिघडलेले फोटो हुडकून हुडकून पुन्हा छापले आणि घरोघरी स्वतः नेऊन दिले. रंग मोजायचं यंत्रही घेतलं. माझ्याशी ते चांगलंच वागत, अक्कांकरवी जेवायला बोलावत. पण वर हाक पुन्हा कधी आली नाही. दीड वर्षानं हृदयविकारानं ते गेले तेव्हा मी जे. पी. नगरला राहायला गेलो होतो.

भिंतीवर लावायचा फोटो अक्कांनी मलाच छापायला सांगितला. मी यंत्रानं मोजून छापला आणि फ्रेम करून घेऊन गेलो. त्यांनी तो मांडीवर ठेवला, पदरानं काच पुसली. मला राहवेना. मी विचारलं, "अक्का, अण्णांनी मला माफ केलं होतं का?"

त्या सहज हो म्हणू शकल्या असत्या. माझा चेहरा बघून कुणीही म्हटलं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला, आणि म्हणाल्या, "नाही रे."