हवा आल्याशिवाय

मला बसवतच नव्हतं. चुंबकाच्या खोलीबाहेर खुर्च्या मांडल्या होत्या, सगळे कसे शहाण्या पोरांसारखे बसलेले, आणि मी आपली दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत येरझाऱ्या घालत होते. आत लोखंडाचं काही चालत नाही म्हणून केसांच्या पिनासुद्धा बाहेर काढून ठेवायला लावल्या होत्या. बटा सारख्या डोळ्यांवर येत होत्या. त्यांचाही राग येत होता.

"अवं, बस ना जरा. तुले पाहून मले चक्कर येऊन राहिली," प्रशिक्षणातला माझा जोडीदार म्हणाला.

हा लकडगंजचा, आमच्या इतवारीच्या शेजारचाच. मोठ्या चुंबकात ठेवून प्रथिनांची रचना शोधण्याचं हे प्रशिक्षण आमच्या नागपुरातच होतं. पीएचडी करणारी पोरं कुठून कुठून आली होती, आणि शिकवणाऱ्या मॅडमनी जोड्या लावताना मला, इतवारीच्या पोरीला, नेमका हाच दिला. तोंडाचा पट्टा अखंड चालू. पहिल्या दिवसापासून मनात एकच, याच्या हातात माझी ट्यूब? देवा!

कारण ट्यूब एकच होती. काचेची, पेन्सिलीहून बारीक, आणि तिच्या तळाशी चमचाभरही नाही एवढं माझं प्रथिन. ते जिवाणूंकडून बनवून घ्यायला, आणि चुंबकात दिसावं म्हणून त्यांना जड नायट्रोजन खाऊ घालत मी महिनेच्या महिने घालवले होते. निघताना गाइड सरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पडद्यावर ठिपके विखुरलेले दिसले तर प्रथिनाची घडी नीट बसली आहे, काम पुढे चालेल. सगळे मधे गोळा झाले तर हा विषय सोडायचा." म्हणजे पुन्हा पहिल्यापासून! सकाळी आई पोह्यांची बशी घेऊन मागे फिरत होती. "खाय ना वं दोन घास, काहून अशी करून राहिली?" बशी तशीच ओट्यावर ठेवून मी निघाले.

जोडीदाराचंही हेच होतं. त्याचीही एकच ट्यूब, त्याच्याही सरांची तीच अट. पण हा पठ्ठ्या खुर्चीत रेलून समोशाच्या गोष्टी करत होता.

मॅडमचा नियम असा, की आपली ट्यूब आपण सोडायची नाही, जोडीदारानं सोडायची. "स्वतःची ट्यूब धरली की हात थरथरतो," त्या म्हणायच्या. चुंबक माणसापेक्षा उंच. शिडी चढून वरच्या तोंडाशी ट्यूब धरायची. खालून हवा येत असते, तिच्यावर ट्यूब तरंगते, मग हवा कमी केली की अलगद आत उतरते. हवा नसताना सोडली तर सरळ खाली जाऊन फुटते, खेळ खलास. म्हणून शिडीवरच्यानं विचारायचं, "हवा?" कॉम्प्युटरवरच्यानं बटण दाबून, आवाज ऐकून सांगायचं, "आली."

एकदाचा आमचा नंबर लागला. तो शिडीवर चढला, मी कॉम्प्युटरसमोर.

"हवा?"

मी बटण दाबलं. फुस्सss असा आवाज आला.

"आली! सोड!"

तो सोडेना. एका हातात माझी ट्यूब, दुसरा तळवा चुंबकाच्या तोंडावर.

"अरे सोड ना! झोपला का तिथं?"

"हाताले हवा लागून नाही राहिली," तो म्हणाला. "तू पुन्हा पाह्य."

मी चिडून पडद्याकडे पाहिलं. घाईत बटण नीट दाबलंच गेलं नव्हतं. आवाज पलीकडच्या दुसऱ्या चुंबकाचा होता. माझ्या बोलण्यावर त्यानं ट्यूब सोडली असती तर काचेचा चुरा, बस.

पुन्हा दाबलं. या वेळी त्यानंच वरून सांगितलं, "आता आली."

थोड्या वेळानं पडद्यावर ठिपके उमटले. इकडे, तिकडे, पार कडेपर्यंत, अंगणात दाणे उधळावेत तसे. मी ओरडलेच. मॅडमनी डोळे वटारले, पण त्याही हसत होत्या.

मग त्याची पाळी. शिडीवर मी. तळव्याला वारा नीट लागेपर्यंत मी हात हलवला नाही. "आली ना वं, सोड आता," तो खालून म्हणाला. "थांब!" मी म्हटलं. त्याची ट्यूब इतक्या जपून उतरवली की मला घाम फुटला.

ठिपके आले. सगळे मधे, एकमेकांना चिकटून, भिजलेल्या बुंदीसारखे. कडेला एकही नाही. मॅडमनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तो बोलेना. हा गप्प बसावा म्हणून किती दिवस देवाला विनवलं होतं मी! आणि आता त्याचं गप्प बसणं मला सोसवेना.

"बोल ना गा काहीतरी," मी म्हणाले.

"ट्यूब तर नाही फुटली ना," तो म्हणाला आणि हसायला गेला. त्याला जमलं नाही.

बाहेर येऊन तो खुर्चीत बसला, लगेच उठला, आणि दारापासून पाण्याच्या कूलरपर्यंत चालायला लागला. मी त्याच्यासोबत चालू लागले.