पीरसाबच्या चालीतली मोकळी जागा

पीरसाबच्या डोक्यावर गार पाण्याची घागर ओतावी, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. सोलापुरात माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे आणि हा कुंभारी गावचा बेंजोवाला माझा जुना मित्र. त्याने बांधलेल्या एका चालीवर अख्खा जिल्हा गातो. दुधनीत कानडी भजन, वैरागला हळदीचं गाणं, उरुसात कव्वाली, शिवाय प्रत्येक दादा-भाऊंचा वाढदिवस. संगीत तेच, शब्द ज्याचे त्याचे. जमैकातही म्हणे एकाच वाजवलेल्या संगीतावर ढीगभर गायक आपापली गाणी म्हणतात, त्याला रिडिम म्हणतात. पण तिथं त्या रिडिमला निदान नाव तरी असतं. आमच्याकडे ज्याने शेवटचं गायलं, चाल त्याची!

"अरे, तुझं नाव तरी घ्यायला सांग त्यांना," मी ओरडायचो.

"गाऊ दे की. चाल काय झिजती व्हय?" म्हणत हा बाबा पुढच्याला पेनड्राइव्ह भरून द्यायचा.

त्या चालीत मधेच बेंजो गप्प होतो, नुसती ढोलकी चालू राहते. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याची बायको रुक्सानाभाभी वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेलेली, म्हणून पीरसाब तान्ह्या शाइस्ताला मांडीवर घेऊनच वाजवायला बसला. पोरीने तारांवर तळवा ठेवला, आवाज बंद. पुन्हा वाजव म्हणून मी घसा फोडला, तो ऐकेना. "ऱ्हाऊ दे. माज्या पोरीनं वाजवलंय ते." ही गोष्ट सांगून सांगून त्याने घरातल्यांचे कान किटवले. गायकांना मात्र ती मोकळी जागा आयतीच सापडली. तिथं ते पुढाऱ्यांची नावं ठोकतात.

परवा त्याच शाइस्ताचं लग्न झालं. रुखसतीला, पोरगी सासरी निघताना, ती चाल आपण स्वतः वाजवायची, एवढा एकच हट्ट या माणसाने आयुष्यात धरला. त्याने बेंजो मांडला, दोन सूर काढले, तोच नवऱ्याकडची पोरं धावत आली.

"चाचा, हे तर उदयसिंहदादांच्या वाढदिवसाचं गाणं हाय. आमी दुसऱ्या पार्टीचे. हितं नगं."

माझं डोकंच सणकलं. दादांचं गाणं? मी बाह्या सरसावल्या, तर पीरसाब गुमान बेंजोवर फडकं टाकायला लागला. पोरीच्या लग्नात तंटा नको म्हणे! त्याचे डोळे भरले होते. मला त्याचाच राग आला आणि त्याच्यासाठी पोटात तुटलंही.

शाइस्ता गाडीपर्यंत पोचली होती. ती मागे फिरली, तशी ती पोरं बाजूला सरली. बापासमोर खाली बसून तिने फडकं काढलं.

"अब्बा, वाजवा की."

तो वाजवू लागला. मोकळी जागा आली तेव्हा तिने मेंदीचा हात पुढे केला आणि तळवा तारांवर ठेवला. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. पीरसाब पुढचा सूर काढेना, कारण पोरीने हात उचललाच नाही.