अनडिस्प्यूटेड भरीत

आमच्या व्याह्यांइतका निरुपद्रवी आणि तितकाच असह्य माणूस अख्ख्या खानदेशात सापडणार नाही. धुळ्याला जन्मभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. रिक्षात बसले की आधी काचेवरचं इंग्रजी तपासतात, मग कुठे जायचं ते सांगतात. मुलांच्या लग्नाच्या बैठकीत मी तावातावानं घासाघीस करत होतो, तेव्हा हे गृहस्थ पत्रिकेतला स्वल्पविराम हलवत बसले होते. मी जळगावात शून्यातून डाळीची गिरणी उभी केली ती आवाजाच्या जोरावर. माझ्यापुढे भलेभले दलाल गप्प होतात. व्याही तेवढे चष्मा पुसतात.

गेल्या हिवाळ्यात शेतावर भरिताची पार्टी ठेवली. कपाशीच्या काड्यांवर वांगी मी स्वतः भाजली, स्वतः ठेचली. आमच्याकडे यजमान शेवटच्या पंगतीला बसतो, त्याआधी चवही घेत नाही. पाहुणे बोटं चाटत होते. "बठ्ठं एक नंबर शे, भाऊ!" मुलगा म्हणाला, "आबांचं भरीत म्हणजे अनडिस्प्यूटेड!" मी कौतुकानं व्याह्यांना त्या शब्दाचा अर्थ विचारला. तिथेच चुकलं.

"ज्यावर कोणी वाद घातला नाही ते," घास गिळून ते म्हणाले. "उत्तमच असेल असं नाही. समोर कोणी उतरलंच नाही तर मल्लही अनडिस्प्यूटेड. आता हे भरीत घ्या. व्याहीबुवा, यात मीठ नाही."

माझं डोकं फिरलं. "धुळ्याच्या माणसानं जळगावची वांगी शिकवू नयेत! मुलगी दिली म्हणून काहीही बोलाल?" सगळ्यांदेखत ओरडलो. त्यांनी पानातलं भरीत निमूट संपवलं आणि मिळेल त्या एसटीनं धुळं गाठलं.

मग मी जेवायला बसलो. अळणी! मिठाची पुडी काड्यांच्या भाऱ्यावर तशीच, न फोडलेली. एवढी माणसं जेवून गेली, एकानं ब्र काढला नाही. वाढणारी माझी सून, त्यांचीच लेक, तीही "छान झालंय" म्हणाली होती.

बाजूला घेऊन सांगायला व्याह्यांना काय झालं होतं, हा राग मी अजून धरून आहे. यंदा वांगी आली तेव्हा त्यांना बोलवायला फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. काय तोंडानं बोलवू? घरीच भरीत केलं, सुनेला पहिलं वाढलं.

"मीठ बरोबर आहे ना गं?"

"हो आबा, अगदी छान," ती म्हणाली.

घास अजून तिच्या हातातच होता.